न्यायनिर्णय आणि वर्गातील पूर्वपक्ष

एखादा विषय अभ्यासक्रमात समाविष्ट झाला म्हणजे तो शिकविला जाऊ लागला, असा आपल्या विद्यापीठांचा एक सोयीस्कर समज आहे. भारतीय संविधानाच्या अध्यापनाची गत याहून फारशी वेगळी झालेली नाही. संविधानावरील महत्त्वाच्या खटल्यांची नावे विद्यार्थ्यांना ठाऊक असतात. केशवानंद भारती, १९७३, मूलभूत संरचना. मनेका गांधी, १९७८, व्यक्तिगत स्वातंत्र्य. ओल्गा टेलिस, १९८५, उपजीविकेचा हक्क. नाव, साल आणि एका ओळीचा निष्कर्ष. इतिहासाच्या अध्यापनातील सनावळ्यांना आपण पिढ्यान्‌पिढ्या नावे ठेवीत आलो. आता त्याच सनावळ्या संविधानाच्या नावाने नव्याने तयार झाल्या आहेत. परीक्षेला त्या पुरतात. प्रश्न एवढाच आहे, की उद्याच्या नागरिकाला त्या पुरतील काय?

पुरणार नाहीत, असे माझे मत आहे. न्यायनिर्णय हा पाठ करावयाचा निष्कर्ष नाही. तो झालेल्या एका वादाचा लेख असतो. त्या वादात दोन पक्ष होते, दोन्ही बाजूंना विद्वान वकील होते, आणि कित्येकदा न्यायासनावर बसलेल्यांतही एकमत नव्हते. हा वाद वर्गात पुन्हा उभा केल्याखेरीज निर्णय कळत नाही. विद्यार्थ्यांनी मूळ निर्णय शोधून वाचावेत, बाजू वाटून घ्याव्यात आणि वर्गात त्यांचा खंडन-मंडनपूर्वक विचार करावा, ही पद्धत काही ठिकाणी हौशीने चालते. ती हौस न राहता अध्यापनाचा कणा व्हावी, असे मला वाटते. तसे का वाटते, आणि त्या मार्गात कोणते धोके आहेत, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम केशवानंद भारती खटलाच पाहू. कासरगोडजवळील एडनीर मठाच्या अधिपतींनी केरळच्या जमीनसुधारणा कायद्यांच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तेरा न्यायमूर्तींपुढे अडुसष्ट दिवस युक्तिवाद चालला. २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा अशा मताधिक्याने निर्णय झाला आणि त्यात अकरा स्वतंत्र निर्णयपत्रे होती. संसदेला संविधानात दुरुस्ती करता येईल, परंतु त्याची मूलभूत संरचना नष्ट करता येणार नाही, हे तत्त्व यातून आले. एवढे सर्वांना माहीत असते. परंतु वर्गात एक साधा प्रश्न विचारून पाहावा : हा खटला जिंकला कोणी? विद्यार्थी तत्काळ उत्तर देतात, की स्वामी जिंकले. मग त्यांना निर्णय वाचावयास लावले, की ते गोंधळात पडतात. ज्या एकोणतिसाव्या घटनादुरुस्तीने केरळचे जमीनविषयक कायदे नवव्या अनुसूचीत घातले होते, ती दुरुस्ती वैध ठरली. तत्त्व ज्यांच्या नावाने प्रसिद्ध झाले, त्यांच्या जमिनींना त्या तत्त्वाचे संरक्षण लाभले नाही. ही गोष्ट एका ओळीच्या निष्कर्षात मावत नाही. म्हणूनच ती विद्यार्थ्याला विचार करावयास लावते.

याच खटल्यात याचिकाकर्त्यांच्या बाजूने नानी पालखीवाला उभे होते आणि केरळ राज्याच्या बाजूने एच. एम. सीरवाई. दोघेही मुंबईच्या वकीलवर्गाचे भूषण. सीरवाईंनी मूलभूत संरचनेच्या कल्पनेला विरोध केला; आणि त्याच सीरवाईंनी पुढे आपल्या विख्यात ग्रंथाच्या नंतरच्या आवृत्तीत आपल्या पूर्वीच्या मताचा फेरविचार केला. ज्याने एका बाजूचा युक्तिवाद इतक्या तयारीने केला, त्यालाच दुसऱ्या बाजूचे बळ पुढे मान्य करता आले, यात विसंगती नाही. प्रतिपक्षाचा युक्तिवाद मनापासून समजून घेणाऱ्याच्याच बाबतीत असे घडू शकते.

आपल्या परंपरेला ही गोष्ट नवी नाही. न्यायदर्शनाने कथेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार सांगितले. तत्त्वनिर्णयासाठी चालतो तो वाद, विजयासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्षच न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करीत सुटणे ती वितंडा. शास्त्रग्रंथांत सिद्धान्ताआधी पूर्वपक्ष मांडण्याचा दंडक होता. आणि पूर्वपक्ष जितका समर्थ, तितका सिद्धान्त भक्कम, अशी त्यामागील धारणा होती. आज आपल्या महाविद्यालयांत वक्तृत्वस्पर्धा पुष्कळ होतात, अभिरूप न्यायालयेही भरतात. परंतु करंडक आणि पारितोषिके यांच्या मागे लागून त्यांतील बराचसा भाग जल्पाकडे झुकला आहे. मला अभिप्रेत असलेला वर्गातील वाद स्पर्धेचा नाही. त्यात परीक्षक नसतो आणि विजेताही नसतो. विद्यार्थ्याची बाजू चिठ्ठी टाकून ठरते आणि तास संपल्यावर प्रत्येकाने एका प्रश्नाचे लेखी उत्तर द्यावयाचे असते : प्रतिपक्षाच्या कोणत्या मुद्द्याला तुम्हांला उत्तर देता आले नाही?

या पद्धतीची खरी कसोटी १९७६ च्या निर्णयावर लागते. आणीबाणीच्या काळात अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली असंख्य माणसे विनाचौकशी स्थानबद्ध झाली होती. राष्ट्रपतींच्या २७ जून १९७५ च्या आदेशाने अनुच्छेद १४, २१ आणि २२ खालील हक्कांसाठी न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग स्थगित झाला होता. असे असताना स्थानबद्धाला देहोपस्थितीचा, म्हणजे हेबिअस कॉर्पसचा अर्ज करता येतो किंवा नाही, हा प्रश्न होता. नऊ उच्च न्यायालयांनी अर्ज विचारात घेता येतो असे म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकरणात २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा मताने, तो येत नाही, असा निर्णय दिला. विरोधी मत देणारे एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना. पुढे जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून न्यायमूर्ती बेग यांना सरन्यायाधीश करण्यात आले आणि खन्ना यांनी राजीनामा दिला.

आज हा निर्णय वर्गात शिकविणे फार सोपे आहे, आणि त्यातच धोका आहे. खन्ना थोर, इतर चौघे भित्रे, असे म्हणून आपण पुढे जातो. विद्यार्थ्याला त्यातून नैतिक समाधान लाभते. ज्ञान लाभत नाही. म्हणून माझा आग्रह असा, की बहुमताची बाजू कोणातरी विद्यार्थ्याने पूर्ण ताकदीने मांडावी. ती मांडता येते. राष्ट्रपतींचा आदेश संविधानातील अनुच्छेद ३५९ खालीच निघाला होता. युद्धकाळात इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायासनानेही १९४१ मध्ये लिव्हर्सिज खटल्यात स्थानबद्धतेच्या कारणांची न्यायालयीन छाननी नाकारली होती; लॉर्ड अ‍ॅटकिन तेथेही एकटे पडले होते. हे सारे मुद्दे एकामागून एक मांडले जाऊ लागले, की वर्ग अस्वस्थ होतो. कारण प्रत्येक पायरी तर्काला धरून आहे, आणि शेवटची पायरी मात्र काळोखात जाते. न्यायमूर्ती खन्ना यांनी महान्यायवादींना युक्तिवादाच्या वेळी विचारलेला प्रश्न येथे सांगावा लागतो : एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरापोटी कोणाचा जीव घेतला, तर त्यावर काही उपाय आहे काय? आणीबाणी असेपर्यंत नाही, असा त्या उत्तराचा आशय होता.

ज्या विद्यार्थ्याने बहुमताची बाजू मांडलेली असते, त्याला हा प्रश्न इतरांपेक्षा खोलवर लागतो. विद्वान, सुसंस्कृत आणि सद्हेतूचा माणूससुद्धा तर्काचे बोट धरून कोठवर जाऊ शकतो, हे त्याने स्वतः चालून पाहिलेले असते. चांगला युक्तिवाद आणि योग्य निर्णय या दोन गोष्टी एकच नव्हेत, हा धडा व्याख्यानातून देता येत नाही.

या संदर्भात न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांची वाटचाल विद्यार्थ्यांपुढे ठेवण्यासारखी आहे. ते मूळचे पुण्याचे. मराठी वाचकाला त्यांच्याविषयी आपुलकी वाटणे साहजिक आहे. १९७३ मध्ये मूलभूत संरचनेचे तत्त्व ज्या सहा न्यायमूर्तींनी मान्य केले नाही, त्यांत ते होते. १९७६ मध्ये ते बहुमतात होते. १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स प्रकरणात सरन्यायाधीश म्हणून त्यांनीच बहुमताचा निर्णय लिहून मूलभूत संरचनेचे तत्त्व अधिक दृढ केले. आणि १९८५ च्या जुलैत, निवृत्तीच्या उंबरठ्यावर, मुंबईच्या पदपथवासीयांच्या प्रकरणात उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे त्यांनी लिहिले. पुढे २०१७ मध्ये खाजगीपणाच्या हक्कासंबंधी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने निर्णय देताना १९७६ चा निर्णय चुकीचा ठरविला, तेव्हा तसे लिहिणाऱ्या न्यायमूर्तींत त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. विद्यार्थ्याने हे सारे क्रमाने वाचले, तर त्याला एका माणसाचा गौरव किंवा धिक्कार करण्याची घाई राहत नाही. संस्था कशा चुकतात आणि चूक सुधारण्यास त्यांना किती काळ लागतो, हे मात्र त्याला कळते.

विरोधी मत वाचण्याची आवश्यकताही यातूनच सिद्ध होते. १९५० मध्ये ए. के. गोपालन यांच्या स्थानबद्धतेच्या प्रकरणात बहुमताने असे मानले, की विधिमंडळाने रीतसर केलेल्या कायद्यात कार्यपद्धती सांगितली असेल तर ती न्याय्य आहे की नाही, हे अनुच्छेद २१ खाली पाहण्याचे कारण नाही. न्यायमूर्ती फझल अली यांनी तेव्हा वेगळे मत नोंदविले. अठ्ठावीस वर्षांनी, मनेका गांधी प्रकरणात, कार्यपद्धती न्याय्य, उचित आणि वाजवी असावी लागते, हे मान्य झाले. १९५० ते १९७८ या काळात ज्या विद्यार्थ्याने केवळ निकाल पाठ केला, त्याच्या हाती एक मोडीत निघणारा नियम राहिला. ज्याने फझल अली यांचे मतही वाचले, त्याच्या हाती उद्याच्या कायद्याचे बीज होते. आज कोणते अल्पमत असे बीज आहे, हे कोणीच सांगू शकत नाही. म्हणून सर्वच अल्पमते वाचली पाहिजेत.

येथवर आलो, की भाषेचा प्रश्न टाळता येत नाही. अनुच्छेद ३४८ प्रमाणे सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीतून चालते. २०१९ पासून सर्वोच्च न्यायालयाने निवडक निर्णयांची भारतीय भाषांत भाषांतरे उपलब्ध करून देण्यास प्रारंभ केला आणि त्यांत मराठीचाही समावेश आहे, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु भाषांतर उपलब्ध होणे आणि त्या भाषेत वाद होणे, यांत अंतर आहे. महाराष्ट्राबाहेरील विद्यापीठात, जेथे एका वर्गात चार-पाच मातृभाषांचे विद्यार्थी बसतात, तेथे या अंतराचा उपयोगही करून घेता येतो, असा माझा अनुभव आहे.

अनुच्छेद २१ चेच उदाहरण घेऊ. हिंदी पाठात ‘प्राण’ आणि ‘दैहिक स्वतंत्रता’ असे शब्द आहेत. मराठी पाठात ‘जीवित’ आणि ‘व्यक्तिगत स्वातंत्र्य’ असे. पदपथवासीयांच्या प्रकरणावर वर्गात चर्चा चालू असताना एका हिंदीभाषक विद्यार्थ्याने, नगरपालिकेच्या बाजूने बोलताना, असा मुद्दा काढला, की पदपथावरून हटविल्याने कोणाचा प्राण जात नाही. त्यावर एका मराठी विद्यार्थिनीने उत्तर दिले, की आमच्या पाठात शब्द ‘जीवित’ आहे, आणि ‘उपजीविका’ त्याच धातूतून आली आहे. उपजीविका गेल्यावर जीवित कशाच्या आधाराने उरणार? न्यायालयाने जो मुद्दा अनेक पानांत मांडला, त्याच्या गाभ्याला त्या मुलीने मातृभाषेच्या व्युत्पत्तीतून हात घातला होता. व्युत्पत्ती हा कायद्यातील पुरावा नव्हे, हे तिला सांगावे लागलेच. तथापि त्या दिवशी संविधान तिच्या भाषेतले झाले. गोपालन प्रकरणातही त्यांच्या वकिलांनी ‘कायदा’ या शब्दाचा अर्थ केवळ राज्यसत्तेने केलेला नियम असा न घेता नैसर्गिक न्यायाची तत्त्वे असा घ्यावा, असे प्रतिपादन केले होते. ज्या भाषेत कायदा, नियम, न्याय, नीती आणि धर्म असे निरनिराळ्या छटांचे शब्द आहेत, त्या भाषेत हा वाद इंग्रजीपेक्षा कमी सकस होईल, असे मानण्याचे कारण नाही.

ओल्गा टेलिस प्रकरणाचा शेवटही विद्यार्थ्यांनी स्वतः शोधावा असा आहे. १९८१ मध्ये मुंबईतील पदपथांवरील आणि झोपड्यांतील रहिवाशांना पावसाळ्यात हुसकून लावण्याची मोहीम निघाली. याचिकाकर्त्यांत एक पत्रकार होत्या, तसाच तमिळनाडूतून पोटासाठी आलेला एक भूमिहीन मजूरही होता. न्यायालयाने उपजीविकेचा हक्क मान्य केला. परंतु महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यातील कलम ३१४ अवैध ठरविले नाही. ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत हटवू नये, एवढी मुदत दिली. हक्क मिळाला आणि जागा गेली. पाठ्यपुस्तकात हा खटला विजय म्हणून येतो. त्या मजुराने तो कसा वाचला असता, हा प्रश्न वर्गात विचारल्याशिवाय संविधानाचा तास पुरा झाला, असे मी मानीत नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप वेळेचा आहे. केशवानंद भारतीचा निर्णय सुमारे सातशे पानांचा. तो पदवीच्या विद्यार्थ्याने वाचावा तरी कसा? याला उत्तर सोपे आहे. सगळा वाचू नये. घटना, वादप्रश्न, बहुमताचा एक आणि अल्पमताचा एक असे निवडक उतारे, एवढे पुरे. वर्षभरात वीस खटल्यांची नावे सांगण्यापेक्षा चार खटले असे वाचणे अधिक फलदायी होईल. दुसरा आक्षेप असा, की यामुळे विद्यार्थी अश्रद्ध होतील आणि सर्वच निर्णय मतामतांचा खेळ आहे असे मानू लागतील. हा आक्षेप गंभीर आहे. परंतु न झालेल्या विचारावर उभी असलेली श्रद्धा पहिल्याच धक्क्याला कोसळते. न्यायालयाविषयीचा आदर टिकाऊ व्हावयाचा असेल, तर तो त्याच्या चुका जाणूनच व्हावा लागेल.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो. काही प्रकरणे वर्गातील विद्यार्थ्यांच्या जगण्यालाच भिडतात. १९५१ चे चंपकम दोराईराजन प्रकरण पाहा. मद्रास राज्याचा महाविद्यालयीन प्रवेशासंबंधीचा जातवार वाटपाचा आदेश न्यायालयाने अवैध ठरविला. त्यानंतर त्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १५ मध्ये चौथा खंड घालण्यात आला, आणि संसदेत डॉ. आंबेडकरांनी त्या निर्णयाविषयीची आपली असमाधानाची भूमिका स्पष्ट शब्दांत मांडली. निर्णय मुळातून वाचणाऱ्या विद्यार्थ्याला त्यात आणखी एक तपशील सापडतो : याचिका करणाऱ्या बाईंनी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेशासाठी प्रत्यक्ष अर्जच केलेला दिसत नव्हता. या प्रकरणावर चर्चा व्हावयास हवीच. परंतु ज्याच्या घरातली पहिली पिढी राखीव जागेमुळे विद्यापीठात आली, त्याला चिठ्ठीत विरुद्ध बाजू आली म्हणून आपल्याच तेथे असण्याच्या हक्काविरुद्ध बोलावयास लावणे, हे शिक्षण नव्हे, ती क्रूरता होय. तेथे चिठ्ठी बाजूला ठेवावी. शिक्षकाने स्वतः पूर्वपक्ष मांडावा, आणि खंडनाचे काम विद्यार्थ्यांवर सोपवावे. पद्धत माणसासाठी आहे, हे विसरून चालणार नाही. मात्र या अवघडपणाचे निमित्त करून ते प्रकरणच वगळणे, जसे अनेकदा घडते, हा त्याहून मोठा अन्याय आहे. कारण ज्यांच्याविषयी तो वाद होता, त्यांनाच आपण त्यातून बाहेर ठेवतो.

सारांश, खटल्यांची यादी वाढविण्याची गरज नाही. वाचण्याची रीत बदलण्याची गरज आहे. त्यासाठी नवे अनुदान लागत नाही आणि नवी समितीही लागत नाही. शिक्षकाने निकाल आधी सांगून टाकण्याचा मोह आवरावा आणि विद्यार्थ्याने आपल्याला न पटणारी बाजू घटकाभर आपली मानावी, एवढे पुरेसे आहे.

तासाच्या शेवटी विद्यार्थी जे कागद देतात, त्यांत दरवेळी दोन-चार कोरे असतात. प्रतिपक्षाच्या प्रत्येक मुद्द्याला आपण उत्तर दिले, असा त्यांचा दावा असतो. पुढील आठवड्यात मी त्यांनाच त्या खटल्याची दुसरी बाजू देतो. वर्षाअखेरीस कोरे कागद येणे बहुधा थांबलेले असते, आणि माझ्या दृष्टीने त्या वर्षाची परीक्षा तेथेच झालेली असते.